शेजारच्या ग्रीक आजींचा निकाल

कॅनडात मिसिसागाला आमच्या शेजारी एक ग्रीक आजी एकट्या राहायच्या. एका ख्रिसमसला मी त्यांना थुंकीच्या नमुन्यावरून मूळ सांगणारं डीएनए किट दिलं. त्यांच्याकडे ईमेल नव्हता, म्हणून खातं माझ्या ईमेलवर उघडलं. निकालाची प्रिंट काढून मीच वाचून दाखवली. ग्रीस थोडंसं, बाकी बहुतेक तुर्कस्तान.

"तुर्कस्तानातल्या गावातून माझ्या आईला ग्रीक म्हणून हाकललं," त्या म्हणाल्या. "आणि आता माझी थुंकी मला तुर्क ठरवते?"

"आजी, तिथे सगळेच शेजारी. कंपनीचा नुसता अंदाज आहे तो," असं म्हणून मी त्यांचा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला निघाले.

"चर्चमध्ये कुणाला सांगू नकोस, मुली."

नंतर त्या चर्चलाच जाईनाशा झाल्या. मी ते थंडीवर ढकललं.

पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. उन्हाळ्यात कंपनीचा ईमेल आला: त्या भागातले नवे नमुने मिळाले, म्हणून निकाल सुधारला आहे. ग्रीस खूप वाढलं होतं, तुर्कस्तान घटलं होतं. थुंकी तीच होती.

मी सवयीने प्रिंट काढली आणि चपला घालून दारापर्यंत गेले. शेजारच्या अंगणात नव्या भाडेकरूंची मुलं खेळत होती.