देव पाण्यातून काढताना
आलं घातलेल्या कॉफीचा वास आला, की मला परदेशातला, बुकित बातोक भागातला आमचा जुना फ्लॅट आठवतो. २०१६ साल असेल. शेजारच्या फ्लॅटमध्ये येमेनची एक बाई राहायची. तिकडच्या यादवीत तिचा भाऊ पकडला गेला होता. एका सकाळी ती सांगत आली, की आज कैद्यांची अदलाबदल आहे, दोन्हीकडच्या बस एका पुलापाशी येणार आहेत. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना मी ते मराठीत सांगितलं. त्या उठल्या आणि देव्हाऱ्यातला पितळी गणपती त्यांनी सरळ पाण्याच्या पातेल्यात ठेवला. काम झाल्याशिवाय याला बाहेर काढायचं नाही, एवढं मी शेजारणीला समजावलं, तर ती दिवसभर त्या पातेल्याशेजारीच बसून राहिली. संध्याकाळी तिचा फोन वाजला. भावाचाच आवाज ऐकून ती रडता रडता हसायला लागली आणि मी गणपती काढायला पाण्यात हात घातला. "थांब गं," सासूबाई म्हणाल्या, "याच्या बदल्यात ज्यांना सोडलं, ते सुटले का नीट? विचार तिला." मी चाचरतच विचारलं, कारण ती माणसं तिच्या शत्रूची होती. शेजारणीनं फोनवर भावालाच विचारलं. "ते आमच्या माणसांच्या आधी त्यांच्या बसमध्ये चढले म्हणे," ती म्हणाली. तेव्हा कुठे सासूबाईंनी गणपती बाहेर काढून पदरानं पुसला, आणि शेजारणीनं आमच्याच ओट्यावर आलं ठेचून सगळ्यांना कॉफी केली. आता देव मी पाण्यात ठेवते, आणि बाहेर काढण्याआधी दोन्हीकडची चौकशी करते.