शालूताईची बंद गाडी

शालूताई तायडे स्टेजवर उभी राहिली की बाईच्या गळ्यातच लाउडस्पीकर आहे, असं अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सगळे म्हणत. तो लाउडस्पीकर सुरू करायला काय उपद्व्याप करावे लागतात, ते मात्र तिला आणि तिच्या नवऱ्याला, पंजाबरावाला, एवढ्यांनाच ठाऊक होतं. आणि तिसरी ती मेटॅडोर.

मेटॅडोर म्हणजे तीच जुनी, मागे पत्र्याची अख्खी खोली असलेली. आधी एका बेकरीचे टोस्ट वाहायची. पंजाबरावाने ती विकत घेतली, हार्मोनियम, ढोलक्या, साउंडच्या पेट्या भरल्या आणि दर जयंतीच्या मोसमात शालूताईची भीमगीतांची पार्टी गावोगाव फिरू लागली. खिडकी नावाला नव्हती. कार्यक्रमाआधी शालूताई मागे चढायची, पंजाबराव बाहेरून दार ओढून घ्यायचा आणि राखणीला उभा राहायचा.

कारण बाईला स्टेजची भयंकर भीती! इतके कार्यक्रम झाले, पण ती काही गेली नाही. ती भीती त्या पत्र्यात बाहेर काढावी लागे. आधी जीभ काढून डरकाळ्या. मग जागच्या जागी उड्या. मग आयोजकांचा उद्धार, त्याहून सविस्तर नवऱ्याचा. थोडं रडणं. शेवटी सूर लागे, आणि पांढऱ्या साडीतली शालूताई खाली उतरे ती अशी शांत, की बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत, "पाय वं, कशी धीराची बाई हाय!" पंजाबराव आभाळाकडे बघत बसायचा. धीराच्या बाईने नुकत्याच त्याच्या सात पिढ्या उद्धरलेल्या असत.

पण बंद गाड्यांचे दिवस भरले. टोस्टवाल्यांच्या गेल्या, साबणवाल्यांच्या गेल्या, कुल्फीवाल्याचीही गेली. रस्त्यावर जिकडे पाहावं तिकडे पांढऱ्या व्हॅन, धुऊन पालथ्या घातलेल्या कपांसारख्या. मेटॅडोरचे सुटे भाग मिळेनात, पासिंग होईना. एक दिवस भंगारवाला तिला ओढून घेऊन गेला आणि पंजाबराव दाढीबिढी करून जुन्यात घेतलेली व्हॅन घेऊन दारात हजर झाला. नवरदेवसुद्धा इतका खूश नसतो.

शालूताईने व्हॅनभोवती एक चक्कर मारली. पुढे काच, मागे काच, दोन्ही अंगांना काच.

"अवो, यात म्या काय करू?"

"बसाचं, अन् काय!"

"बसाचं नाई. थे... गान्याच्या पयलेचं."

पंजाबरावाचा चेहरा उतरला. त्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. "पडदे लावू नं," तो म्हणाला.

पहिलाच कार्यक्रम बार्शीटाकळीजवळच्या एका गावात होता. शालूताईला वाटेत घास गेला नाही. आज आवाज फुटला नाही तर पार्टी बुडाली, आणि पार्टी बुडाली तर मग आपण कोण, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं. विहारापुढच्या पटांगणात गाडी लागली. पंजाबरावाने तिच्याच जुन्या साडीचे पडदे सुतळीवर टांगले आणि तो साउंड बघायला गेला. शालूताईने सरकतं दार लावलं, डोळे गच्च मिटले आणि सुरुवात केली.

डरकाळ्या झाल्या. उड्या सुरू झाल्या. व्हॅनचं छत बुटकं, म्हणून वाकून उड्या, आणि व्हॅन अशी हलू लागली की सुतळी पहिल्या सपाट्यातच तुटली. बाईला पत्ता नाही. "पंजाबराव, तुया व्हॅनले आग लागो! थ्या काचा आनून बसव तुया डोक्यात!" असं ठणठणीत आवाजात म्हणत तिने डोळे उघडले.

सगळं गाव काचेला चिकटलं होतं. नाकं चपटी झालेली, पोरं बापांच्या खांद्यांवर. सगळ्यांत पुढे पंचफुलाबाई नावाची बोळकी म्हातारी, आणि तीही मन लावून जीभ बाहेर काढून डरकाळी फोडत होती!

शालूताईला आता मरण येईल असं वाटलं. आलं ते हसू. असं आलं की तिला सीटवर बसावं लागलं, डोळ्यांतून पाणी, कुशीत कळ, आणि बाहेर सगळं पटांगण हसत सुटलेलं. तिने दार सरकवलं.

"बाई, तुले बी भेव लागते का वं?" पंचफुलाबाईने विचारलं.

"लय लागते, माय. कितीक वर्सांपासून."

"मंग सांगतलं काहून नाई? आमाले वाटे, आमालेच लागते."

एवढ्यात पंजाबराव गर्दी सारत धापा टाकत आला. "शालू, मी हटवतो यायले. तू तुयं करून घे."

"आता कायचं करून घेऊ? साऱ्यायनं पायलं. लपवाले उरलं काय?"

ती व्हॅनच्या पायरीवर उभी राहिली. स्टेज पलीकडे रिकामंच राहिलं. पाय लटपटतच होते. तिने साडी जराशी उचलून ते सगळ्यांना दाखवले, आणि गायला लागली.