टाचेवरचा तीळ

यंदा होळीच्या आदल्या आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या टाचेवरच्या काळ्या डागाची बायोप्सी झाली. मेलॅनोमा निघाला, त्वचेच्या कर्करोगातला घातक प्रकार.

ताई मुलुंडला राहते. घाटकोपरच्या ऑफिसला स्कूटरने जाते. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये, कोपरापर्यंत हातमोजे, त्याखाली सनस्क्रीन. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाई "पोरगी काळवंडली" म्हणाल्या, तेव्हापासून. ऊन टाळायचं ते रंगासाठी. आजाराचा विषय घरात कधी निघाला नव्हता.

डाग दिसला भाऊबीजेला. ओवाळून झाल्यावर ताई मांडी घालून जेवायला बसली आणि आत्याचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं.

"अगं, तळपायावर तीळ! परदेश ठरला तुझा."

"हा आधी नव्हता गं आत्या."

"मग नशीब आत्ता उघडलं. जा लेकाकडे कॅनडाला."

"जा बाई," भावोजी म्हणाले, "मला तरी शांतता."

सगळे हसले. ताईही हसली. तळपायावरचा तीळ शुभ, परदेशी नेणारा, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शुभ गोष्ट कोणी डॉक्टरला दाखवत नाही.

तीळ पसरत गेला. कडा वेड्यावाकड्या झाल्या, मध्ये काळा, एका बाजूला तपकिरी. मग रक्त आलं. भावोजींनी नव्या चपलेला दोष दिला आणि केमिस्टकडून कुरुपावर लावायची पट्टी आणली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताई लंगडत होती. आत्या म्हणाली, "व्हिसाला वेळ लागतोच."

जखम भरेना, तेव्हा ताई एकटीच त्वचेच्या डॉक्टरकडे गेली. रिपोर्ट घ्यायला मी सोबत होतो.

"पण मी तर ऊन लागूच देत नाही," ती म्हणाली.

"याला ऊन लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्या लोकांमध्ये हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली येतो. नवा डाग वाढला, रंग बदलला, रक्त आलं, की लगेच दाखवायचं. घरात कोणी पाहिला नाही का?"

"सगळ्यांनी पाहिला," ताई म्हणाली.

टाचेचा भाग काढून तिथे मांडीची कातडी लावली. आजार पुढे पसरलाय का ते कळावं म्हणून जांघेतली लसिकेची गाठ काढून तपासायला पाठवली. तिचा रिपोर्ट शुक्रवारी आला. गाठीत कर्करोगाच्या पेशी आहेत.