चाकामागचा दगड

गाडीचा हँडब्रेक तुटला तेव्हापासून आमच्या घरचा हँडब्रेक म्हणजे मीच. चढावर गाडी थांबली की यांनी ब्रेकवर पाय दाबून बसायचं आणि मी पदर खोचून उतरायचं, मागच्या चाकाला दगड लावायचा. डिकीत स्टेपनीशेजारी एक दगड कायम असायचा. सासरे चारचौघांत म्हणायचे, "आमची सूनबाई लय कामाची!" सगळे हसायचे, मीही हसायचे. किती वेळा म्हटलं, अहो, एकदा गॅरेजला टाका. उत्तर ठरलेलं, "द्राक्षं निघू दे." द्राक्षं निघाली की छाटणी, छाटणी झाली की फवारणी. दिंडोरीकडच्या माणसाला ट्रॅक्टरचा ढिला बोल्ट लांबून दिसतो, स्वतःच्या गाडीचं काही दिसत नाही.

बहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला सटाण्याला निघालो होतो. चढावर पुढचं चाक पंक्चर झालं. मी दगड लावला, पायानं ठोकून पाहिला. यांनी गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, स्टेपनी शेजारी आणून ठेवली. तेवढ्यात एक नट घरंगळत गाडीखाली गेला. तो काढायला यांनी हात घातला आणि गाडी मागे सरकली. दगड सटकला, जॅक आडवा पडला, आणि उजवा हात खाली सापडला. मी नुसती बोंबलत रस्त्यात उभी राहिले. कांद्याच्या ट्रकवाल्यांनी गाडी उचलली.

गंगापूर रोडच्या दवाखान्यात दोन बोटं काढली. उरलेली वळेनात. ज्या हाताची छाटणी बघायला लोक आमच्या बागेत यायचे, तो हात! कात्री धरता येईल का, एवढंच हे डॉक्टरांना विचारायचे. डॉक्टर म्हणायचे, बघू.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मात्र हे एकच सांगायचे, "हिनं दगड नीट लावला नाय." पाहुणे च्‌च्‌ करत माझ्याकडे बघायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. हँडब्रेकचं नाव कुणी काढेना. भरल्या दवाखान्यात नवऱ्याला काय बोलणार? गिळलं. पण मनात ठरवलं होतं, एक दिवस यांच्याच तोंडून खरं वदवून घेईन.

छाटणी आली. मजूर कामाला लागले तसे हेही ओळीत शिरले. उजव्या हातात कात्री ठरेना. डाव्यात घेतली, तर काडीवरचा नेमका ठेवायचा तोच फुटीचा डोळा कापला. मजुरांनी माना खाली घातल्या. हे तिथंच वेलीखाली बसले. मी जवळ गेले, तर वर न बघता म्हणाले, "हँडब्रेकची केबल टाकायला पाहिजे होती गं. चूक माझीच."

हेच ऐकायला इतके महिने जीव टांगला होता. ऐकलं, आणि मीही यांच्या शेजारी मातीत बसले.

"काहीतरीच काय," मी म्हटलं, "दगडच नीट लागला नव्हता माझा."