खालून वाचणारे आठल्ये काका

आठल्ये काका कुठलाही करार शेवटच्या पानापासून वाचायला घेत. वर्तमानपत्र नव्हे, ते आपल्या सगळ्यांसारखंच वाचत. पण ज्यावर कुणाची तरी सही व्हायची आहे असा कागद हातात आला, की आधी तो उलटा व्हायचा. शेवटचं पान, त्यावरची सगळ्यात खालची टीप, मग तिच्या वरची, असं करत ते अर्ध्या तासाने पहिल्या पानावरच्या ठळक मजकुरापाशी पोहोचत आणि तो मात्र न वाचताच सोडून देत. "वर लिहितात ते तुम्हाला आवडावं म्हणून. खाली लिहितात ते त्यांना उपयोगी पडावं म्हणून," असं त्यांचं म्हणणं.

आमची ओळखही अशीच झाली. मी नुकतीच पुण्याहून सिंगापूरला नोकरीसाठी आले होते. क्लेमेंटीतल्या एका ब्लॉकच्या लिफ्टसमोर भाड्याच्या फ्लॅटचा करार काखेत धरून आईशी फोनवर बोलत उभी होते. शेजारी उभ्या असलेल्या उंच, टक्कल पडलेल्या गृहस्थांनी माझा फोन संपायची वाट पाहिली आणि नाव-गाव काहीही न विचारता म्हणाले, "सही केलीत?"

"संध्याकाळी करायचीय."

"मग द्या इकडे."

अनोळखी माणसाच्या हातात करार द्यायला मी काही वेडी नव्हते, पण मराठी ऐकून दिला खरा. त्यांनी तो तिथेच उभ्याने उलटा वाचला. "यात डिप्लोमॅटिक क्लॉज नाही, म्हणजे देश सोडावा लागला तर करार मोडायची मुभा नाही. नोकरी गेली की तुमचा पास महिन्याभरात संपतो. पास नाही म्हणजे इथे राहायचं नाही. पण करार दोन वर्षांचा. म्हणजे तुम्ही पुण्यात आणि भाडं क्लेमेंटीत!" त्यांनी ते कलम घालून घ्यायला लावलं. दीड वर्षाने माझ्या कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला, तेव्हा त्या एका कलमामुळे माझं डिपॉझिट सुखरूप परत आलं. दुसरी नोकरी मिळाली, पुन्हा त्याच ब्लॉकमध्ये फ्लॅट घेतला, आणि तेव्हापासून आठल्ये काका म्हणतील ती पूर्व दिशा असं माझं झालं.

तांजोंग पगार भागातल्या एका कंपनीत ते वीसेक वर्षं करारनाम्यांचंच काम बघत होते. आठवडाभर करून पोट भरत नसावं, कारण रविवारी सकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आमच्यासारख्यांचा दवाखाना भरे. कुणाचा पास, कुणाचा विमा, कुणाच्या पोराच्या शाळेचा अर्ज. फी एकच, उषाकाकूंचे पोहे खाऊन जायचं. काकूंचा आणि कागदांचा संबंध मात्र फक्त सहीपुरता. काकांनी हाक मारली की त्या हात पुसत बाहेर येत आणि म्हणत, "कुठे सही करू, तेवढं सांगा."

"अगं, वाच तरी!"

"तुम्ही वाचलंत ना? मग मी कशाला डोळे फोडून घेऊ?"

आणि मग त्या सही करत. देवनागरीत, पूर्ण नाव, आणि अक्षरं लिहून झाल्यावर डावीकडून उजवीकडे एका दमात ओढलेली शिरोरेषा. लग्नाआधी त्या शाळेत शिकवत, फळ्यावरची सवय सुटली नव्हती. तेवढी सरळ रेघ मला पट्टी घेऊनही येत नाही.

एकदा आम्ही सगळे पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो होतो. भाड्याच्या सायकलींच्या दुकानात काका पावतीची मागची बाजू वाचत उभे राहिले. आमच्या सायकली धक्क्यावरून पार नजरेआड झाल्या तरी यांचं वाचन चालूच. त्यांची सहा वर्षांची नात अस्सल सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "आजोबा, डोन्ट रीड सो मच ला!" काकू सायकलवरून मागे वळून बघत म्हणाल्या, "माझ्या लग्नाला कागद नव्हता म्हणून बरं. नाहीतर हे अजून खालूनच वाचत बसले असते." आम्ही खूप हसलो. काकाही हसले, पण पावती पूर्ण वाचूनच.

चौसष्टाव्या वर्षी त्यांची नोकरी संपली आणि नोकरीबरोबर पास. लेक गौरी इथेच स्थायिक, नात इथेच. गौरीने आईवडिलांच्या लांबच्या मुक्कामासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. कारण कळवत नाहीत. तिने पुन्हा केला, पुन्हा तेच पत्र आलं. ज्या शहरात माणसाने वीस वर्षं काढली, तिथे तो आता पाहुणा म्हणून मोजके दिवस राहू शकत होता. मग काकांनी पुलापलीकडच्या शेजारी देशाची निवृत्ती व्हिसाची योजना शोधून काढली. देशाचं नाव घेत नाही. नियम सारखे बदलतात आणि पुढेमागे माझंही काम तिकडेच पडायचं आहे. तिथल्या बँकेत एक मोठी मुदत ठेव ठेवायची. ठेव आहे तोवर राहायची परवानगी, पास परत केला की ठेव परत. पलीकडे राहून शनिवार-रविवार नातीला भेटता येणार होतं. त्यासाठी त्यांनी कोथरूडचा फ्लॅट विकला.

आता असा अर्ज नवरा मुख्य अर्जदार आणि बायको त्याच्यावर अवलंबून, असाच सगळे करतात. काकांनी उलटा केला. मुख्य अर्जदार उषा आठल्ये, ठेव त्यांच्या नावावर, आणि अवलंबून व्यक्ती म्हणून स्वतः. मी विचारलं तर त्यांनी मला टीप काढून दाखवली. मुख्य अर्जदार वारला, की बाकीच्यांचा पास रद्द आणि ठेवीसाठी वारसाने अर्ज करायचा.

"मी हिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. छातीत दोन स्टेंट. मी आधी जाणार हे तर ठरलेलंच आहे. मग माझ्यामागे हिने कशाला कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या? ठेव तिची, पास तिचा. मी गेलो तर फक्त अवलंबून असलेला एक माणूस कमी होईल."

काकू आतून ओरडल्या, "सकाळी सकाळी कसलं अभद्र बोलताय?" आणि नेहमीसारख्या येऊन विचारत्या झाल्या, "कुठे सही करू?"

नियमात त्यांनी एवढं प्रेम कोंबलेलं पाहून मला भरून आलं होतं. त्यांनी आपल्या बाजूने काकूंच्या नावे मुखत्यारपत्रही करून ठेवलं. काकूंच्या बाजूचं आपल्या नावे केलं नाही. ते कधी लागेल असं त्यांना वाटलंच नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटलं नाही.

पलीकडचं घर अठराव्या मजल्यावर होतं. गॅलरीतून पाण्यापल्याड सिंगापूर दिसायचं. दीड वर्ष बरं गेलं. मग एका सकाळी चहा गाळताना काकूंना झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला, पाय गेला आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, "ताई". ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, साताऱ्याला असते. भूक लागली तरी ताई, दुखलं तरी ताई. "तिला ताईकडे जायचंय," काकांनी ठरवलं. साताऱ्यात ताईंच्या शेजारचं तळमजल्याचं घर विकाऊ होतं. ठेव सुटली की ते घेता येणार होतं, देखभालीला बाई ठेवता येणार होती. दुसरे पैसे नव्हते. काकांची आणि गौरीची शिल्लक दवाखान्यात गेली होती. रविवारी पोहे खाणाऱ्या आम्ही चौघांनी वर्गणीची गोष्ट काढली, तर काका हात जोडून नको म्हणाले. "पैसे आहेत, मीनल. फक्त ते परत हवेत असं तिने म्हणावं लागेल."

नियम तसाच होता. पास परत करून ठेव मागायची, तर मुख्य अर्जदाराने स्वतः यावं, नमुन्याबरहुकूम सही करावी, किंवा अधिकाऱ्यासमोर तोंडी संमती देऊन अंगठा उठवावा. अर्जदार गेला तर काय, तेही लिहिलेलं होतं. अर्जदार आहे, पण मागू शकत नाही, तर काय, याची टीप नव्हती. काकांनी ती सगळी पुस्तिका पुन्हा पुन्हा खालून वर वाचली. मग त्यांनी वरून खालीही वाचली. मी त्यांना वरून वाचताना पहिल्यांदाच पाहत होते आणि मला ते बघवलं नाही.

वकील म्हणाला, कोर्टातून पालकत्व मिळवा, सात-आठ महिने धरून चाला. काकांनी तो अर्ज केलाच, पण एवढं थांबायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी नातीच्या शाळेची दुरेघी वही आणली आणि काकूंच्या डाव्या हाताला सही शिकवायला घेतली. मी एका शनिवारी गेले तेव्हा पान पान भरून 'उ' काढलेला होता. पोटात गेलेला, कलंडलेला, कधी नुसता गोळा. "बघ, आज तीन बरे आलेत," काका म्हणाले. जन्मभर ज्या बाईने न वाचता सही केली, तिला ते आता सकाळ-संध्याकाळ विनवत होते, "उषा, एवढी एकच कर. मग नाही मागणार."

सहा आठवड्यांनी आम्ही त्यांना कार्यालयात घेऊन गेलो. मी रजा टाकली होती. चाकाची खुर्ची, पाठीशी उशी, काकूंच्या अंगावर इस्त्रीची साडी. काउंटरवरचा अधिकारी तरुण आणि सभ्य होता. तो मुद्दाम उठून बाहेर आला आणि कागद पाटीवर लावून काकूंच्या मांडीवर ठेवत खाली वाकला. काकूंनी पेन धरलं. 'उ' काढला. तो चांगला आला. मग पेन तसंच टेकवून त्या काकांकडे बघत राहिल्या, पुढे कुठे ते सांगा, अशा. काकांनी हळूच म्हटलं, "षा. पोटफोड्या ष." काकूंनी दुसरं अक्षर काढलंच नाही. त्याऐवजी त्यांनी त्या एकट्या 'उ'वर डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ ओढली. बऱ्यापैकी सरळ ओढली. आणि म्हणाल्या, "ताई."

माझ्या मते ती सही होती. पूर्ण सही होती. पण अधिकाऱ्याने नमुन्याची सही शेजारी ठेवली. "सॉरी अंकल. साइन मस्ट मॅच. मॅडम कॅन से यस? जस्ट यस?"

काका गुडघ्यावर बसले. "उषा, हो म्हण. नुसतं हो."

"ताई," काकू म्हणाल्या.

मी त्या मुलाशी भांडले. आवाज चढवून भांडले. पैसे तिचे, नवरा समोर उभा, आणखी काय हवंय तुला? काकांनीच मला गप्प केलं. "त्याला बोलू नकोस. उद्या कुणी आपल्या आजारी आईला असंच आणून अंगठा उठवून घेईल. नियम बरोबर आहे. मी लिहिला असता तर असाच लिहिला असता." मग त्यांनी काकूंचा पदर सारखा केला आणि खुर्ची लिफ्टकडे वळवली. परतताना गाडीत ते एकदाच बोलले. "मीच सगळं एका बाजूने लिहून ठेवलं गं. ती आधी आजारी पडेल, हे मी धरलंच नाही."

कोर्टाची तारीख यायला पाच आठवडे असताना काकू गेल्या. पलीकडेच गेल्या, त्या अठराव्या मजल्यावर. ताईंनी शेवटचं दर्शन फोनवर घेतलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. मृत्यूची टीप होती ना. वारसाचा अर्ज, मृत्यूचा दाखला, दोन फोटो. कुणी एक प्रश्न विचारला नाही. तीन आठवड्यांत ठेव मोकळी झाल्याचं पत्र आलं आणि त्याच पाकिटात काकांचा, अवलंबून व्यक्तीचा, पास रद्द झाल्याचं. महिन्याभरात देश सोडायचा होता. ज्या पायऱ्या काकूंना चढाव्या लागू नयेत म्हणून एवढा खटाटोप केला, त्या काका एकटे चढले, आणि कार्यालयाच्या दारापुढे त्या मोजून चारच होत्या. साताऱ्याचं घर तोवर दुसऱ्या कुणी घेतलं होतं. काकांनी त्याची चौकशीही केली नाही. गौरीने पुण्यात त्यांच्यासाठी एक खोली बघितली.

शेवटच्या दिवशी बँकेत मी त्यांच्याबरोबर होते. काउंटरवरच्या मुलीने तीन पानी पावती पुढे सरकवली. मी वाट बघत होते, की आता काका चष्मा लावतील, कागद उलटा करतील. त्यांनी चष्मा खिशातून काढलाच नाही. तेव्हा मीच, त्यांनी शिकवल्याप्रमाणे, शेवटचं पान वर घेतलं आणि सगळ्यात खालच्या टिपेवर बोट ठेवून वाचायला लागले. काकांनी माझ्या बोटावर हात ठेवला.

"राहू दे गं. कुठे सही करू, तेवढं सांग."