घुमटाखालची थाप

"आमी कुठी कुटून राह्यलो, बाई? आमी त बसून आहो," यमुना घुमटावरून वाकून म्हणाली. तिची थापी तिच्या मांडीवर होती. बाकीच्यांचेही हात हालत नव्हते. आणि समोरच्या रिकाम्या चर्चमधून चुना कुटण्याचा आवाज येतच होता... मग घुमट आत गेला. यमुना पडताना दिसलीच नाही. ती होती, आणि मग तिथे धूळ होती.

यमुना माझी धाकटी बहीण, मला बाई म्हणायची. मी चौथीपर्यंत शिकले. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. अंगात येणाऱ्या बाईला मी तोंडावर ढोंगी म्हटलेलं आहे. त्यामुळे हे लिहिणं मला आवडत नाही. पण घडलं ते घडलं.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. चांद्याच्या बाहेर, खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला हे चर्च. आधी तिथे नुसती पत्र्याची लांब शेड होती आणि घंटा कडुनिंबाला टांगलेली. रेल्वेतली आणि खाणीतली ख्रिस्ती कुटुंबं वाढली तशी फादरनी दगडी इमारत काढली. काळ्या दगडाच्या भिंती, वर टोक असलेल्या उंच खिडक्या, आलापल्लीच्या सागवानी वाशांवर कौलं. पूर्वेकडचं टोक मात्र अर्धगोल. तिथे त्यांची वेदी, आणि तिच्यावर विटांचा अर्धा घुमट. तसलं काम आमच्याकडे कोणाला येत नव्हतं, मिस्त्री सिरोंच्याहून आणला होता. घुमटावर चुन्याचा थर द्यायला आम्ही.

आम्ही ढिवर. तलाव आटला की मासे नाहीत, मग मजुरी. चुना कुटणं बायांचं काम. चुना, विटांचा भुगा, वर बेलफळाचं पाणी, हे छतावर पसरून तिथेच लाकडी थापीनं कुटायचं. रांगेत बसायचं, एकीनं गाण्याची ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची आणि सगळ्या थाप्या एकदम पडल्या पाहिजेत. ओला चुना अर्धा सोडून उठायचं नाही — तिथे जोड राहतो, पावसाळ्यात पाणी झिरपतं.

गाणं सांगायची मैनामावशी, आमच्याच मोहल्ल्यातली. कोणाची थापी मागे पडली ते तिला न बघता कळायचं. त्या दुपारी ती म्हणाली, "कोनाचा हात मांगं राहून राह्यला? सकाळी जेवली नाई का?" सगळ्या हसल्या. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. आमच्या थापेमागून एक थाप. मावशीनं हात वर केला. आम्ही थांबलो... ती थाप थांबली नाही. खालून येत होती. बसल्या जागी अंगाला लागत होती.

आम्हाला वाटलं, मिस्त्रीची माणसं चेष्टा करतात. मावशी म्हणाली, "यमुने, जाय, पाहून ये. चुना वाळ्ळा नाई पायजे."

यमुना उठली नाही. "मले भेव वाटते," म्हणाली.

भ्यायचं काय त्यात, असं म्हणून मी शिडी उतरले. मी परत येईपर्यंत कोणी थापी उचलू नका, असं मावशी मागे सांगत होती. ओला चुना तिनं तसा सोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

आत कोणी नव्हतं. घुमटाखालच्या आधाराच्या बल्ल्या आधीच काढल्या होत्या, फरशी झाडलेली. मांजर लपायलाही जागा नव्हती. मी आत पाय ठेवला आणि आवाज खालून यायचा बंद झाला. आता तो वरून येत होता. एक थाप नाही... सगळ्या थाप्या, एकदम, आमच्याच तालात. मला वाटलं, यांनी काम सुरू केलं. राग आला. बाजूच्या दारानं बाहेर येऊन, लांब उभी राहून मी ओरडले, "थांबा म्हनलं होतं ना? काऊन कुटून राह्यल्या?"

यमुना काय म्हणाली ते वर लिहिलं आहे.

बल्ल्या लवकर काढल्या म्हणून घुमट बसला, असं ठरलं. असेल. पडण्याचं कारण ते असेल. आवाजाचं काय? फादर आमच्या मोहल्ल्यात आले, जमिनीवर बसले. घुमटात आवाज फिरून येतो म्हणाले. मी म्हटलं, "फिरून याले आधी कोनी कुटाले पायजे ना?" कोणी म्हणालं, खाली जुनी मसणवट असेल. नव्हती. बोरीचं रान होतं, मी तिथे शेळ्या चारल्या आहेत.

पुढे त्या अर्धगोलावर घुमट केला नाही, कौलं घातली. चर्च आहे अजून. मी एकदा आत जाऊन बसून आले. काही ऐकू आलं नाही. ते काय होतं हे मला सांगता येत नाही, आणि ज्यांनी सांगायचा प्रयत्न केला त्यांनाही आलेलं नाही.

यमुना, मैनामावशी आणि आणखी तिघी गेल्या. त्या दिवशी घुमटावर काम करणाऱ्यांतली जिवंत राहिले ती मी एकटी.