सोनेरी फ्रेममधल्या नाचणाऱ्या मुली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि — आता बोलायला बसलेच आहे तर — फादरांनाही नाही. दर नाताळाआधी कन्फेशनला जाते, गुडघे टेकते आणि "रागावले, कुचाळक्या केल्या, खोटं बोलले" असं एका दमात म्हणून मोकळी होते. खोटं म्हणजे नेमकं कुठलं? फादर विचारत नाहीत, मी सांगत नाही. नमो मरिया म्हणते, घरी येते, येरे माझ्या मागल्या.

आज तुम्हाला सांगतेय त्याला कारण आहे. उद्या रविवार. चर्चमधली मिसा, म्हणजे रविवारची उपासना, झाली की मी नायगावला माझ्या मुलीकडे, शेरनकडे, जाणार आहे आणि तिला हे सांगणार आहे. पण तोंडाला सवय नाही ना — म्हणून आधी तुमच्यापाशी.

शेरनच्या नव्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या मोठ्या भिंतीवर, एक चित्र आहे. परदेशातल्या कुणा जुन्या चित्रकाराच्या चित्राची छापील प्रत. लाकडी जमिनीचा मोठा दिवाणखाना, हातात काठी घेतलेले म्हातारे नृत्यशिक्षक आणि फुगीर पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुली. एक चक्क पाठ खाजवतेय. अगदी जवळ गेलं तर फ्रॉक म्हणजे नुसते रंगाचे फटकारे, जरा मागे सरलं की मुली दिसायला लागतात. फ्रेम सोनेरी, नक्षीची. हे चित्र शेरनला मी दिलं असं सगळ्यांना ठाऊक आहे. तिथूनच सुरुवात करायला हवी.

मी वसईकडच्या नंदाखालची. शाळेत शिकवायचे, आता निवृत्त. पण गावात मला ओळखतात ते नाचाची टीचर म्हणून. नाताळचा कार्यक्रम असो की चर्चचा सण, मुलांचा नाच बसवणार मी. एक दोन तीन, उजवा पाय पुढे, आता हसा! मी स्वतः कुठे शिकले होते? कुठेच नाही. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी मी आमच्या गावात. तरी सांगते, कार्यक्रमानंतर बायका हात हातात घेऊन कौतुक करायच्या तेव्हा मला फार बरं वाटायचं. त्या बरं वाटण्यावर मी वर्षभर जगायचे.

शेरन माझ्या नाचात कायम पुढच्या रांगेत. ती नववीतून दहावीत जाणार होती त्या सुट्टीत वसईच्या एका हॉलमध्ये बॅलेचा वर्ग निघाला. शिकवायला बांद्र्याच्या एक बाई यायच्या. तिला तिथे घातलं कुणी? मीच. मनात म्हटलं, चार नवीन स्टेप्स घेऊन येईल, नाताळला उपयोगी पडतील.

शेवटच्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, असे पाय हजारात एखादीचे असतात. शनिवार-रविवार माझ्याकडे बांद्र्याला पाठवा, मी तिला घडवते. आणि मग, अगदी सहज, म्हणाल्या, "फक्त आधीचं सगळं तिला विसरावं लागेल. कुणीतरी तिला फार चुकीचं शिकवलंय."

ते कुणीतरी म्हणजे मी, हे त्यांना माहीत नव्हतं. मी मान डोलावली. हसलेसुद्धा. त्यांनी गुंडाळी केलेलं एक चित्र माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "हे तिला द्या. रोज बघू दे. चेहरे नाही, पाय. सांगा, मी वाट बघते."

इतकी वर्षं मी स्वतःला काय काय सांगत आले! दहावीचं वर्ष होतं. बांद्रा लांब पडलं असतं. मुलगी तंग कपड्यांत नाचते म्हटल्यावर गावात चर्चा झाली असती. तिच्या डॅडीला पटलं नसतं. — डॅडीला मी विचारलं तरी होतं का? तो माणूस केळीच्या वाडीत पाणी सोडत होता, त्याला यातलं काही कळलंच नाही. नाही, यातलं एकही कारण खरं नाही. मी बसवलेला नाच माझ्या मुलीला विसरावा लागणार होता, आणि मला ते सोसलं नाही.

गुंडाळी पिशवीत खाली सरकवली आणि आम्ही घरी आलो. शेरन ओट्यावर बसली, सँडल काढता काढता तिने विचारलं, टीचर काय म्हणाल्या? घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. रागावणं, लाड करणं, रडणं, सगळं त्याच बोलीत. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघाली ती शाळेतली मराठी, फळ्यासमोर उभं राहून बोलावी तशी. "टीचर म्हणाल्या, तुझे पाय यासाठी योग्य नाहीत. त्यांना वाईट वाटलं, पण खरं ते सांगावं लागतं."

खरं ते सांगावं लागतं! हे वाक्य मी माझ्या मुलीला ऐकवलं.

ती रडली नाही. पाय वर घेऊन तळवे बघत बसली. नंतर तिने त्या वर्गाचं नाव काढलं नाही. नाताळ आला तेव्हा माझ्या नाचातही उभी राहिली नाही. जिला मी माझ्या रांगेत ठेवायला निघाले होते, ती तिथूनही गेली.

मग मला तिचं तोंड बघवेना. कपाटात कपड्यांखाली लपवलेली ती गुंडाळी काढली आणि जवळच्या पापडी गावात फ्रेमवाल्याकडे गेले. त्याच्याकडे सगळ्या संतांच्या तसबिरी. त्याने चित्र उलगडून विचारलं, "देवदूत आहेत का, टीचर?" मी हो म्हटलं. आता एका खोट्यात आणखी एकाची भर, काय फरक पडणार होता? म्हणून त्याने येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीला लावतात ती सोनेरी पट्टी लावली. ती फ्रेम मी शेरनला दिली, माझ्याकडून म्हणून. ती गळ्यात पडली आणि तेव्हा कुठे रडली. म्हणाली, मम्मी, तुलाच कळलं.

तेव्हा बोलता आलं असतं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

शेरन शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं. चित्र तिने प्रत्येक घरात नेलं. गेल्या महिन्यात नायगावच्या फ्लॅटला आशीर्वाद द्यायला फादर आले. पवित्र पाणी शिंपडत खोल्या फिरले आणि हॉलमध्ये त्या चित्रापाशी थांबले. शेरनने सगळ्या पाहुण्यांसमोर गोष्ट सांगितली. "मला नाच येणार नाही म्हटल्यावर मी कोलमडले होते. मम्मीने एक शब्द न बोलता हे आणून दिलं." माझ्या नणंदेने डोळे पुसले. फादर माझ्याकडे बघून मायेने हसले. आणि मी? मी साडीचा पदर सारखा केला आणि कौतुक घेतलं. नाताळच्या कार्यक्रमानंतर घ्यायचे तसं.

तेवढ्यात लिझा, शेरनची मुलगी, चित्राखाली येऊन उभी राहिली. एक हात सोफ्याच्या पाठीवर, मान ताठ, आणि अलगद चवड्यांवर चढली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती पाय बघत होती, चित्रातल्या मुलींचे पाय. शेरन हसून म्हणाली, "उतर खाली, बाळा. आपल्या घरात ते पाय नाहीत."

लिझा उतरली. जमिनीवर बसली, पाय उलटे केले आणि तळवे बघायला लागली.

फादरांनी शिंपडलेल्या पाण्याने फरशी अजून ओली होती. हातातली केकची बशी मी खाली ठेवली. तिथेच ठरलं. आता माघार नाही. एका मुलीचे पाय मी अडवले, तिच्या मुलीचे माझ्या खोट्यापायी अडवले जाऊ देणार नाही.

उद्या काय बोलायचं ते मी घोकून ठेवलंय. मी लहान मनाची होते, तेव्हा मला कळत नव्हतं, असलं काही बोलणार नाही. मला कळत होतं. चांगलं कळत होतं. फ्रेम मी हौसेने करून घेतली होती हेही मध्ये आणणार नाही. शेरन चित्र भिंतीवरून काढेल, की मलाच दाराबाहेर काढेल, ते तिने ठरवायचं. तिने माझ्याशी बोलणं टाकलं तरी ते तिच्या हक्काचं आहे. माफीही मागणार नाही; माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं. तिच्याकडून मी पुष्कळ घेतलंय.

लिझाला जवळ बसवून, शेरनला आमच्या घरच्या बोलीत एवढंच सांगणार आहे: हे चित्र मी दिलेलं नाही, शेरन. तुझ्या टीचरने दिलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, असे पाय हजारात एखादीचे असतात. त्या तुझी वाट बघत होत्या, आणि मी तुला ते सांगितलं नाही.